मागचा

हिंगोण्याच्या अलीकडे, दिवेलागणीला,
रस्त्यात आडवी पडलेली ठिबकची काळी नळी
मला साप वाटली.
मी ब्रेक दाबला.
मागून मुबारक तडवीची पिकअप आली, केळीच्या घडांसकट,
आणि माझी डिकी
मागच्या सीटवर येऊन बसली.

दोन मिनिटांत वीस माणसं.
नळी कुणी पाहिली नाही.
मोकळ्या रस्त्यात गाडी थांबलीच कशाला,
हेही कुणी विचारलं नाही.
"मांगून ठोकलं ना भो, मंग चूक त्याचीच."
लागला निकाल.
एक जण सांडलेले घड गोळा करता करता म्हणाला,
"अंतर ठेवा लागते, अंतर."
त्यातला एक घड त्याने आपल्या सायकलीला अडकवला.

मुबारक पोरगाच. मिसरूड नुकतं फुटलेलं,
कपाळावर काचेची कणी
मिठाच्या खड्यासारखी चिकटलेली.
"दादा, लाल दिसलंच नाही हो मले."
एवढं एकदाच म्हणाला.
मग वरच्या खिशातून दोन हजार काढून दिले,
केळीच्या चिकाचे डाग पडलेले.
मी घेतले. मोजून घेतले.

फॉर्मवर रकाना होता: अपघात कसा घडला?
खाली चार ओळी.
'अचानक जनावर आडवे आल्याने' असं मी लिहिलं.
आमच्याकडे अंधार पडल्यावर सापाला जनावरच म्हणतात,
म्हणजे अगदी खोटंही नव्हतं.
उरलेल्या तीन ओळींत
मागच्याचा वेग, मागच्याचं दुर्लक्ष,
मागच्याने न राखलेलं अंतर.

शकूर मिस्त्री पोळ्याच्या आधीच म्हणाला होता,
"सर, एक बल्ब गेला, दुसरा जायच्या बेतात आहे.
चाळीसला एक."
मी म्हणालो, सर्व्हिसिंगला बघू.
पोळा गेला. दसरा गेला.

सर्व्हेअर अत्तरदे भुसावळच्या गॅरेजात आले.
अकरा वर्षांची गाडी:
पत्रा निम्मा, प्लास्टिक निम्मं, काच पूर्ण.
घसाऱ्याचं गणित त्यांना तोंडपाठ.
मग वाकले, फुटक्या दिव्यातून बल्ब काढला,
चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरला.
"पेटलेली असताना धक्का बसला
तर ही तार ताणते, लोंबते.
विझलेली असली तर नुसती तुटते.
ही बघा."

मी बघितली.
काच आतून काळवंडलेली,
तार दोन्हीकडून आखूड, मध्ये काही नाही.
दुसरा बल्बही तसाच.

"तुमचा क्लेम याने अडत नाही," ते म्हणाले,
"पिकअपवाल्याच्या बाजूने कुणी उभं असतं
तर त्याला उपयोग झाला असता."
त्याच्या बाजूने कुणी नव्हतं.
त्याची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी,
त्याचं रेडिएटर सावद्याचा मालक
महिन्या-महिन्याने पगारातून कापणार.
अत्तरद्यांनी बल्ब माझ्या तळहातावर ठेवला
आणि पुढचं पान उलटलं.
त्यावर काय लिहिलं, मी वाकून पाहिलं नाही.

पैसे आले. नव्या डिकीचा रंग
किंचित वेगळा आहे, उन्हातच कळतो.
दोन हजार अजून आरसीच्या पाकिटात.
सावद्याला दोनदा जाऊन आलो.
एकदा गोडाऊन बंद होतं.
एकदा उघडं होतं,
तर मी गाडीतून उतरलो नाही.

आता रोज रात्री गाडी लावली
की शैलाला सीटवर बसवतो
आणि मागे जातो, दहा पावलं,
तो जिथून येत होता तिथे उभा राहतो.
"दाब," म्हणतो.
ती दाबते. गल्लीची भिंत लाल होते,
समोरच्यांचं कुत्रं लाल होतं.
"दिसलं का?" ती विचारते.

"परत दाब."